यंदाचा उपवास एकत्र करू या: वसईतल्या आमच्या धर्मग्रामाला खुले पत्र

आदरणीय फादर, पॅरिश कौन्सिलचे सभासद, समूहांचे प्रमुख आणि आळीआळीतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

गेल्या रविवारी मिस्सा संपताना सूचना झाली की मागच्या वर्षीच्या झावळ्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी चर्चमध्ये आणून द्याव्यात. घरी येऊन मी अल्तारावरच्या क्रूसामागे खोवलेली झावळी काढली. वर्षभरात ती इतकी वाळली होती की हात लागताच तिची पाती तुटून खाली पडली. झावळ्यांच्या रविवारी हीच झावळी हिरवीगार असताना हातात धरून आपण ‘होसान्ना’ गात चर्चला फेरी घातली होती. आता राखेच्या बुधवारी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्याच दिवशी, तिचीच राख आपल्या कपाळावर येईल. खाली पडलेली पाती गोळा करता करता जे मनात आलं, ते एकट्या फादरांकडे जाऊन सांगण्यासारखं नाही. ते आपल्या सगळ्यांचं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांना. यंदा शुक्रवारचा उपवास प्रत्येक आळीने एकत्र बसून करावा, असं मला सुचवायचं आहे.

प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस, आपल्याकडे कुणी पाळत नाही असं मी म्हणणार नाही. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या मरणयात्रेचं स्मरण करणाऱ्या प्रार्थनेला, तरुण मुलंही येतात. दानाची पाकिटं भरून परत येतात. पण उपवास ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात होतो, प्रार्थना चर्चमध्ये होते आणि दान पाकिटात जातं. तिघांची एकमेकांशी गाठ पडत नाही, आणि आपलीही एकमेकांशी पडत नाही. शेजारच्या घरात आज उपवास आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नसतं.

माझ्या लहानपणी आमच्या एका चुलीवर बावीस माणसांचा स्वयंपाक व्हायचा. आजी मापट्याने तांदूळ मोजून द्यायची. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारीही ती रोजच्याइतकंच मोजायची. मग त्यातला अर्धा तांदूळ कोपऱ्यातल्या मडक्यात ओतायची आणि उरलेल्या अर्ध्याची पेज व्हायची. पेज, मीठ, भाजलेला पापड, एखाद्या वेळी कैरीची फोड. अंगणात काम चालू असो की वाडीत माणसं लावलेली असोत, त्या दिवशी सगळ्यांच्या ताटात तेच. बाबांनाही तेच. जेवण्याआधी ओटीवर गुडघे टेकून क्रुसाची वाट व्हायची. चौदा स्थानं, आणि प्रत्येक स्थानाला आजी कुणाचं तरी नाव घ्यायची. अमक्याचा ताप उतरू दे. तमकीच्या मुलाला बोटीवरून सुखरूप आण.

शनिवारी सकाळी मडकं रिकामं व्हायचं. तो तांदूळ टोपलीत घालून आजी मला पाठवायची. आळीच्या टोकाला एक विधवा राहायची, तिच्याकडे. पलीकडच्या वाडीत पानवेलीला पाणी शिंपणारं वारली कुटुंब होतं, त्यांच्याकडे. ‘दान दे’ असं ती कधी म्हणाली नाही. ‘त्यांचं त्यांना देऊन ये’ म्हणायची. मला वाटायचं, आजीने त्यांच्याकडून तांदूळ उसना घेतला असेल. दर शनिवारी आपण उसनं फेडतो, एवढाच माझा समज होता.

आजी शाळेत गेली नव्हती. पण ती जे करत होती ते ख्रिस्तसभेच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं आहे, हे मला पुढे शिक्षिका झाल्यावर वाचनातून कळलं. दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ नावाच्या लेखनात उपवासाची रीत सांगितली आहे: त्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यावं, एरवी जे खाल्लं असतं त्याची किंमत मोजावी आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. मोजावी, हा शब्द माझ्या लक्षात राहिला. त्याच शतकात अरिस्तीदेस नावाच्या अथेन्सच्या विचारवंताने रोमन सम्राटासाठी ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारा लेख लिहिला. त्यात तो सांगतो की यांच्यात कुणी गरीब असला आणि यांच्याकडे द्यायला जास्तीचं काही नसलं, तर हे दोन-तीन दिवस उपवास करतात आणि त्याच्या अन्नाची सोय करतात. म्हणजे आधी भुकेला माणूस डोळ्यांसमोर आला आणि त्याच्यासाठी सगळ्यांनी मिळून उपवास धरला. आपल्याकडे आज उपवास आधी येतो. भुकेला माणूस कधी कधी येतच नाही.

आता जे लिहिते आहे ते जपून लिहिते, कारण त्यात माझंही घर आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून आपण मासळी आणतो. नियमाने त्यात काही चूक नाही. आपल्या कोळीवाड्यांत बोंबील, करंदी, वाकट हे रोजचं साधं जेवण होतं, तेव्हा मासळी खाणं म्हणजे साधं खाणंच होतं. आता शुक्रवारी आपण बाजारात पापलेट आणि सुरमई घेतो, कोळंबीचं कालवण करतो आणि मटणापेक्षा जास्त पैसे मोजून ‘उपवास’ सोडतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपण दुसऱ्यांविषयी पुष्कळदा वापरली आहे. मागच्या वर्षी एका शुक्रवारी मी माझ्या ताटाकडे पाहिलं आणि तीच म्हण मला आठवली. नियम पाळला होता, पण त्या दिवशी मडक्यात टाकायला काहीच उरलं नव्हतं.

नियम थोडक्यात सांगायचे तर चौदा वर्षांपुढच्यांनी मांस वर्जायचं. अठरा पूर्ण झालेल्यांपासून साठावं लागेपर्यंत राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकदाच पूर्ण जेवायचं. पूर्वीच्या मानाने हे फार थोडं आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये उपवासाचे नियम सैल केले, ते त्याग कमी व्हावा म्हणून नव्हे. त्यागाचं रूप आपलं आपण निवडावं, प्रार्थना आणि परोपकार यांना त्यात जास्त जागा मिळावी, असा तो हेतू होता. आपण सैलपणा घेतला आणि निवडायचं राहून गेलं. मी साठी ओलांडली आहे. नियमाने मला उपवास लागू नाही आणि डॉक्टरांनीही गोळ्या लावून दिल्या आहेत. तरीही आळीसोबत पेजेची एक वाटी मला घेता येईल. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, आजाऱ्यांनी आपल्या प्रकृतीला सोसेल तेच करावं, पण येऊन बसावं.

काही जण म्हणतील, उपवास गुपचूप करायचा असतो. राखेच्या बुधवारी मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय वाचला जातो. दान देताना डाव्या हाताला कळू देऊ नकोस, प्रार्थना करताना दार लाव, उपवास करताना तोंड धू आणि डोक्याला तेल लाव. ते खरंच आहे. पण त्याच मिस्सेत, त्याच्या आधी, योएल संदेष्ट्याचं वाचन असतं. सियोनात तुतारी फुंका, उपवास जाहीर करा, लोकांना जमवा, म्हाताऱ्यांना आणा, अंगावर पिणाऱ्या तान्ह्यांनाही आणा, नवऱ्या मुलाने आपली खोली सोडून यावं. एकाच सकाळी ख्रिस्तसभा आपल्याला ही दोन्ही वाचनं ऐकवते. येशूने दिखाव्याला मना केलं आहे, एकत्र येण्याला नाही. शुक्रवारी सगळी आळी एकच पेज जेवत असेल तर कोण किती मोठा उपवास करतो हे दाखवण्याची सोयच उरत नाही.

दिखाव्याचं मात्र मला सांगायलाच हवं. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जण प्रायश्चित्तकाळात एका वीटभट्टीवर धान्याची पाकिटं घेऊन गेलो होतो. जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर भट्टीवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. हंगामाआधी घेतलेली उचल त्यांच्या कामातून कापली जाते आणि आठवड्याला हातात पडते ती खावटी, म्हणजे खाण्यापुरते पैसे. आपला प्रायश्चित्तकाळ नेमका त्यांच्या कामाच्या ऐन दिवसांत येतो. आम्ही त्यांना ओळीत उभं केलं, प्रत्येक पाकीट देताना फोटो काढला. सात-आठ वर्षांची एक मुलगी आईच्या मागे उभी होती. मोबाइल समोर आला तसं तिने तोंड फिरवलं आणि आईच्या पदराने चेहरा झाकला. संध्याकाळी तो फोटो आमच्या ग्रुपवर आला. खाली हात जोडलेली चित्रं आली, अभिनंदन आलं. त्या मुलीची फक्त पाठ दिसत होती. फोटो माझ्याच मोबाइलवर काढलेला होता. मी तो पुसला, पण तिचं फिरवलेलं तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आजी मला टोपली देऊन पाठवायची ती सकाळी लवकर, आळीत वर्दळ सुरू व्हायच्या आधी. का ते मला त्या संध्याकाळी समजलं.

यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाकडे मी वरचेवर जाते. लोक देवाला विचारतात, आम्ही उपवास करतो आणि तू पाहत का नाहीस? उत्तर येतं, उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच स्वार्थ पाहता आणि आपल्या मजुरांना राबवून घेता. भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणं, बेघराला घरात घेणं, हे त्यानंतर येतं. मजुरांचा उल्लेख आधी आहे. आपल्या वाड्यांत केळीची खोदाई, फुलांची तोडणी, पानांची खुडणी कोण करतं? आपल्या घरांत धुणीभांडी कोण करतं? नाक्यावरून सकाळी बोलावून आणलेल्या माणसाची मजुरी संध्याकाळी हातात पडते का, की ‘रविवारी ये’ असं सांगितलं जातं? गुड फ्रायडेला आपण दुपारी तीनच्या विधीला जातो, तेव्हा आपल्याकडे कामाला असलेल्या बाईला त्या दिवसाची पगारी सुट्टी असते का? मला वाटतं, प्रायश्चित्तकाळाचं दान देण्याआधी ही थकलेली देणी चुकती व्हावीत. आजीचं ‘त्यांचं त्यांना’ इथे अगदी शब्दशः लागू पडतं.

पाचव्या शतकात रावेन्नाचे बिशप असलेले संत पीटर क्रिसोलोगस यांच्या एका प्रवचनात प्रार्थना, दया आणि उपवास हे तिन्ही एकच आहेत, ते एकमेकांना जिवंत ठेवतात, असा विचार आहे. त्यांनी दिलेला दृष्टान्त आपल्या वाडीवाल्यांना लगेच कळेल. जमिनीला जसा पाऊस तशी उपवासाला दया. मनाची जमीन कितीही नांगरा, तण काढा, बी पेरा. दयेचा झरा सुटला नाही तर उपवासाला पीक नाही. आपली बावखलं, म्हणजे वाड्यांतली पाण्याची तळी, बुजवली गेली तेव्हा शेजारच्या विहिरींचं काय झालं हे आपण पाहिलं आहे. पाणी जमिनीखालून एकमेकांना धरून असतं. उपवास, प्रार्थना आणि दान यांचंही मला तसंच दिसतं.

आपल्या शेजाऱ्यांकडूनही शिकण्यासारखं आहे. २०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, रमजानचा पहिला रोजा २ मार्चला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला. आठवड्याभरात तिन्ही घरांत उपवास सुरू होते. त्या महिन्यात सोपाऱ्यातल्या माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेने मला इफ्तारला बोलावलं. मोहल्ल्यात सगळे एकाच वेळी खजूर तोंडात घालतात आणि तोपर्यंत सगळे एकत्र थांबलेले असतात, हे मी त्यांच्यात बसून पाहिलं. ईदच्या नमाजाआधी फितरा दिला जातो, म्हणजे गरिबाच्या घरीही ईद व्हावी, हे तिने मला समजावलं. आपलं ईस्टर उजाडतं तेव्हा आळीतल्या कुणाच्या घरी काय शिजलं आहे हे आपल्याला ठाऊक असतं का?

मूठमूठ धान्यातून मोठं काम उभं राहतं, याचं उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी मुष्टिफंड चालवला. बायका दळणाआधी एक मूठ धान्य बाजूला काढत. ज्या घरांत स्वतःलाच पुरत नव्हतं त्या घरांनीही मूठ दिली. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका दर स्वयंपाकाला चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला ठेवतात, त्यालाही शंभरावर वर्षं झाली आहेत.

म्हणून फादर, आणि कौन्सिलच्या सभासदांनो, माझी विनंती अशी आहे. राखेच्या बुधवारनंतरचा पहिला शुक्रवार ते गुड फ्रायडे असे सात शुक्रवार येतात. त्या सात शुक्रवारी प्रत्येक आळीने एका घरी जमावं. आधी क्रुसाची वाट, मग पेज. जमणाऱ्या प्रत्येक घराने त्या रात्रीच्या नेहमीच्या जेवणाला किती खर्च आला असता ते खरंखरं मोजून मडक्यात टाकावं. आमच्या आळीत बेचाळीस घरं आहेत. एका घरामागे दीडशे रुपये धरले तरी शुक्रवारी सहा हजार तीनशे होतात, सात शुक्रवारांचे चव्वेचाळीस हजार शंभर. कुणाच्याही पाकिटातून जास्तीचा एक रुपया न जाता. कमी टाकणाऱ्याला कुणी विचारू नये, मडक्याला झाकण असावं.

हे पैसे चर्चच्या रंगकामाला किंवा सणाच्या रोषणाईला जाऊ नयेत, एवढं आधीच ठरवून टाकावं. त्या खर्चासाठी आपण वेगळे पैसे उभे करतो, तसे करू. मडक्यातलं कुणाला द्यायचं ते आळीने एकत्र बसून प्रार्थनेनंतर ठरवावं आणि त्यासाठी आधी त्या माणसांकडे जाऊन यावं. भट्टीवरच्या बाईला तांदूळ हवा आहे की मुलीसाठी चपला, की आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला गाडीभाडं, हे आपण ओटीवर बसून ठरवू शकत नाही. आपल्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद वर्षभर गरजूंच्या घरी जाऊन चौकशी करतात. कसं जायचं, काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे त्यांनी आम्हाला शिकवावं. फोटो काढू नयेत. पाकिटांवर नावं छापू नयेत. हिशेब मात्र शेवटच्या पैशापर्यंत आळीत वाचून दाखवावा.

आणखी एक. आपली क्रुसाची वाट आळीतून निघते आणि चर्चच्या आवारात संपते. यंदा एका शुक्रवारी ती थोडी लांबवता येईल का? पाचव्या स्थानाला सिमोन कुरेनेकर येतो. मार्क सांगतो की तो बाहेरगावचा होता, शेतावरून येत होता आणि सैनिकांनी त्याला वाटेतच धरून क्रूस वाहायला लावला. ते स्थान आपण मजुरांच्या नाक्यावर म्हणू या. सहाव्या स्थानाला, जिथे एक बाई प्रभूचा चेहरा पुसते, सरकारी दवाखान्याच्या फाटकापाशी थांबू या. आठव्या स्थानाला, जिथे प्रभू रडणाऱ्या बायकांशी बोलतो, भाड्याच्या चाळींपुढे. आवाज लहान ठेवून, रहदारी न अडवता, तिथल्या लोकांना आधी विचारून. आजी चौदा स्थानांना चौदा नावं घ्यायची ती तिला माहीत होती म्हणून. आपण त्या रस्त्यांवर थांबलो तर आपल्यालाही काही नावं कळतील.

तरुणांना माझं वेगळं सांगणं आहे. तुमच्यातले कुणी चाळीस दिवस मोबाइलवरचे खेळ सोडतात, कुणी गोड सोडतं, कुणी सिनेमा. त्याला मी हलकं समजत नाही, सवय मोडणं कठीण असतं. पण त्यातून सुटलेला वेळ कुठे जातो ते पाहा. आळीत एकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत, त्यांची मुलं परदेशी आहेत, आखातात आहेत. तो तास त्यांच्या ओटीवर घालवा. मडक्यात पैशाऐवजी तास टाकता आला असता तर मी तेही सुचवलं असतं.

कौन्सिलची बैठक होऊन सगळं ठरायला वेळ लागेल, हे मला माहीत आहे. सगळ्या आळ्यांना हे पटेल असंही नाही. आमच्या आळीपुरतं मी शेजारणींशी बोलले आहे. आठ घरं तयार आहेत. मडकं कुंभाराकडून आणलं आहे, साधं, झाकणाचं. पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला माझ्या ओटीवर क्रुसाची वाट सुरू होईल, त्यानंतर पेज. फादर, तुम्हाला जमलं तर या. ताट-वाटी ज्याची त्याने घरून आणावी. आमच्या वाडीत पाणी शिंपायला येणाऱ्या कुटुंबालाही मी बोलावलं आहे. ते येतो म्हणाले आहेत आणि पापड ते आणणार आहेत.

आपली,
आळीतली एक निवृत्त शिक्षिका